अंड्यातलं अंडं

कंधारच्या पलीकडे, माळाच्या उताराला, शेषेराव शेततळं खणत होते. वर काळा पाषाण लागला. तो फोडला तर खाली पांढुरकी माती, आणि त्या मातीत गोल गोल धोंडे. कंधारच्या माणसाच्या मनात किल्ला पक्का बसलेला असतो. गोल धोंडा दिसला की त्याला आधी तोफच आठवणार. शेषेरावांनी ते धोंडे बांधावर ओळीनं मांडले आणि गावभर सांगत सुटले, "तोफंचे गोळे घावले आपल्या रानात!" अखंड पाषाणाखाली गोळे गेले कसे, हे कुणी विचारलं नाही. दोन गोळे दारापुढं आले. एकावर हळदीकुंकू पडलं, दुसऱ्याला टेकवून दूधवाला सायकल उभी करू लागला.

मग नांदेडच्या कॉलेजातल्या भूशास्त्राच्या सौदामिनी मॅडम आल्या. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि तिथंच मातीत फतकल मारली.

"शेषेराव, हे तोफेतून सुटलेलं नाही. ही अंडी आहेत. डायनासोरची."

शेषेरावांनी बांधावरची ओळ एकदा नजरेखालून घातली. मग म्हणाले, "मंग मॅडम, तोफच बरी होती की. लोकाला सांगायला तरी येतंय."

त्यातलं एक अंडं सुकन्याच्या टेबलावर आलं.

सुकन्या प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. लग्न झालं, मालविका झाली आणि ती घरात बसली ती बसलीच. मॅडमना तिचा हात माहीत होता. शिकत असताना बेडकाची शीर न तुटता सोडवायची ती. त्यांनी फोन केला तेव्हा सुकन्यानं एकच अट घातली, "मालूला सोबत आणीन."

"आण की. अंड्याला काय त्याचं!"

तेव्हापासून टेबलाखाली मालूची सतरंजी आणि टेबलावर सुकन्याचं अंडं. सोललेल्या नारळाहून थोडं मोठं, एका अंगानं फुटलेलं, राखाडी मातीत अर्धं रुतलेलं. ड्रॉपरनं पाण्याचा थेंब सोडायचा, माती नरम पडू द्यायची, सुईच्या टोकानं उचलायची, मऊ कुंचल्यानं झाडायची. दिवसभरात बोटाच्या नखाएवढा तुकडा मोकळा झाला तरी पुष्कळ. ज्वारीतले खडे निवडताना नजर आपोआप बसते आणि फक्त खडेच दिसतात, तसं तिला होई. माती दिसेनाशी व्हायची, कवच तेवढं दिसायचं. पण त्या तंद्रीतही तिचा डावा पाय टेबलाखाली मालूला चिकटून असे. पायाला मालू लागेनाशी झाली की ती वाकून बघे.

मालू चार वर्षांची होत आली होती. अजून कडेवर असायची. जिना एकटीनं चढली नव्हती. बालवाडीत घातली तेव्हा सुकन्या फाटकाबाहेर बसून राहिली आणि दोन-तीन दिवसांत तिला घेऊन परत आली. का, तर खिडकीच्या वर भिंतीला तडा होता.

"तो रंगाचा पापुद्रा आहे गं," नवरा म्हणाला. हरिओम शिकवणीत गणित शिकवायचा. त्याला सगळ्याचा पुरावा लागे. "मी स्वतः नखानं खरवडून आलोय. बाई मलाच रागावल्या."

"खरवडल्यावर आत काय होतं?"

"भिंत होती, सुकन्या. भिंतीच्या आत भिंतच असते."

सुकन्या हसली नाही. तिचं माहेर किल्लारी. भूकंप झाला तेव्हा ती आईच्या पोटात होती. तिनं तो पाहिला नव्हता, पण जमीन ही भरवशाची वस्तू नव्हे, हे तिला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ठाऊक होतं. आईची सवय तिनं नांदेडच्या फ्लॅटमध्ये आणली होती. फळीवर एक पेला पालथा, त्याच्यावर दुसरा पालथा. भुई हलली तर आधी पेले वाजतील. हल्ली हिंगोलीकडून अधूनमधून जमिनीतल्या आवाजांच्या बातम्या यायच्या, आणि एकदा खरंच पेले वाजले. ती मालूला घेऊन तीन मजले उतरून चपलांशिवाय रस्त्यावर गेली होती. वरच्या मजल्यावरची मंडळी गॅलरीतून विचारत होती, "काय झालं हो ताई? काय झालं?" त्यांना काहीच कळलं नव्हतं.

एके दुपारी सुईच्या टोकाखाली कवचाची वळणदार रेघ दिसली. कवच तर तिनं बाहेरून मोकळं केलं होतं. ही रेघ आत होती. फुटक्या बाजूनं पाहिलं तर एक गोल, त्याच्या पोटात थोडं सरकून दुसरा गोल, मधे मातीची चंद्रकोर. आपल्याच सुईनं आतलं काही निसटवलं, असं तिला वाटलं. तिनं हात धुतले, पुसले, पुन्हा बघितलं. मग मॅडमना हाक मारली.

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला, भिंग घेतलं, भिंग ठेवलं, पुन्हा घेतलं.

"मॅडम, माझ्याकडून काही..."

"तू गप्प बस जरा." मग हळूच, जणू टेबलावर कुणी झोपलंय अशा आवाजात त्या म्हणाल्या, "अंड्यात अंडं आहे, सुकन्या."

त्या खुर्ची ओढून बसल्या आणि बोलू लागल्या. कासवाच्या पोटात सगळी अंडी एकदम तयार होतात, एकदम बाहेर पडतात. पक्ष्याचं तसं नाही, एकामागून एक, रांगेनं. त्यामुळे कधी काय होतं, तयार झालेलं अंडं दाराशी येतं आणि आईला ते घालता येत नाही. ते उलट आत सरकतं, मागून येणाऱ्याला भेटतं, आणि दोघांवर मिळून पुन्हा एक कवच चढतं. कोंबडीत सापडतं असं. कासवात, सुसरीत नाही. "म्हणजे आपली ही बया दिसायला डोंगराएवढी सरड्यासारखी, पण आतून पाखरू होती. चिमणीचं पोट चिमणीनं नव्यानं बनवलेलं नाही, ते ह्यांच्याच कुळातून चालत आलंय. अजून दाखवायचंय, तपासायचंय. पण बघ तरी!"

मालू टेबलाखालून बाहेर आली होती. तिनं टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवली. "चिमणीची आजी?"

"चुलत पणजी," मॅडम म्हणाल्या. "तिच्या पणजीची पणजी."

सुकन्यानं विचारलं, "मॅडम, अंडं मागं का फिरतं?"

"आई अडवते. जागा धड नसेल, पूर आला असेल, भ्याली असेल. त्या काळात इथं जमीन फाटून लाव्हा येत होता. आपला हा काळा पाषाण तोच. कारण काय ते नक्की नाही सांगता येणार. पण कशानं तरी तिनं धरून ठेवलं."

"आणि पिल्लू?"

मॅडमनी बोटानं दोन्ही गोल हवेत काढले. "कवचाला बारीक भोकं असतात, श्वासासाठी. दुसऱ्या कवचाची भोकं पहिल्याच्या भोकांवर थोडीच येतात?"

त्या दिवसापासून ती जनावराची आई सुकन्याच्या मागं लागली.

कुठंही दिसायची. गोदावरीच्या घाटावर मालूला कडेवर घेऊन उभं राहिलं की पलीकडच्या काठावर झाडांच्या शेंड्यांमधून एक लांब मान वर यायची आणि पाण्यावर सावली पडायची. भाजी निवडताना, वरण उतू जाताना, कपडे वाळत घालताना. दोन एसट्या एकामागं एक उभ्या केल्यावर जेवढी, तेवढी ती. पाय टेकवायचा म्हणजे आधी जमिनीला विचारायचं. टेकवू का? जमीन आतून गुरगुरायची. मग तो पाय तसाच उचललेला, शेपूट तशीच हवेत, आणि पोटातल्या पोटात सगळं घट्ट आवळलेलं. क्षितिजावर तांबडी रेघ, वारा कढत, राख पिठासारखी पाठीवर पडतेय. आणि ती मनात म्हणतेय, आत्ता नको. थांब बाळा, आत्ता नको. सुकन्याला तिचा चेहरा कधी दिसला नाही. तो फार उंच असायचा.

"कुठं हरवलीस?" हरिओम विचारी.

"इथंच आहे."

"वरण गेलं."

मग नागपूरचं निघालं. तिथल्या एका संस्थेत अंडं न फोडता आतलं बघायचं मोठं यंत्र होतं आणि मॅडमना तारीख मिळाली होती. चारेक दिवसांचं काम. "तू हवीस," मॅडम म्हणाल्या. "त्याचा तडा न् तडा तुला माहीत आहे. उचलायचं कसं, टेकवायचं कुठं. पण ह्यावेळी मालू नको गं. तिथं आत सोडत नाहीत मुलांना. आणि संशोधनावर तुझं नाव जायचंय, तर तू तिथं असायला पाहिजेस."

हरिओमच्या शिकवण्या सकाळ-संध्याकाळ. सासूबाई नव्हत्या. उरली आई, म्हणजे किल्लारी. नेमकी किल्लारी. सुकन्या तिथं दिवसा जाई आणि दिवसाच परते. मालू त्या जमिनीवर आजवर एकदाही झोपली नव्हती. सुकन्यानं मॅडमना ना होकार दिला ना नकार. "आईला विचारून येते," म्हणाली. खरं तर आईनंच नको म्हणावं, अशी तिची इच्छा होती.

अहमदपूर गेलं, लातूर गेलं. जीपमध्ये मालू मांडीवर झोपली. किल्लारीचं नवं गाव दुपारच्या उन्हात सरळ रेषेत पसरलं होतं. रुंद रस्ते, एकासारखी एक घरं, लिंबाची झाडं. आईनं, सिंधुबाईंनी, सरकारी घराच्या पुढं पत्र्याची पडवी काढली होती आणि त्या तिथंच झोपत. स्लॅबखाली त्यांचा जीव रमत नसे. पडवीच्या कोपऱ्यात टोपलीत खुडूक कोंबडी बसली होती, डोळे वटारून. टोपलीत एक गंजका खिळा आणि वाळकी मिरची.

"हे कामून गं आजे?" मालूनं विचारलं. दोन मिनिटांत ती किल्लारीची बोली बोलायला लागली होती.

"ईज कडाडली की अंडी बिघडतेत माय. लोखंड असलं की भेव न्हाई."

सुकन्यानं चहा पिता पिता सगळं सांगितलं. अंडं, आतलं अंडं, नागपूर. मधे मधे 'जमेल का तुला', 'तुझे गुडघे', 'ती रात्री उठते', 'तिला दूध कोमटच लागतं' असं पेरत राहिली. सिंधुबाईंनी ऐकून घेतलं.

"झालं? आता माझं ऐक. तू जाणार न्हाईस आन् मला नाव ठिवणार. म्हणणार, आईचे गुडघे दुखतेत."

"तसं नाही गं."

"तसंच हाय. हे तुझं जन्माच्या आधीपासूनचं हाय." सिंधुबाई कोंबडीला ज्वारी टाकत म्हणाल्या. "तवा मला दिवस भरत आलते. घर बसलं. आम्ही सरकारच्या पत्र्याच्या शेडात. रोज भुई हालायची, जरा जरा. बायका म्हणायच्या, सिंधे, तुझे दिवस उलटले की. येईनास तू. डाक्टरीन बाई रोज येऊन पोटाला नळी लावायच्या. मी कुणाला बोलले न्हाई, पण रोज आतल्या आत म्हणायची, थांब बाई, भुई हालायलीय, इतक्यात येऊ नगंस. धरून धरून ठिवलं. शेवटाला त्या बाई वरडल्या माझ्यावर. म्हणल्या, लेकराचे ठोके कमी व्हायलेत, सोड आता, सोड! तवा कुठं..."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? झालीस की. जिती हायस की."

शेजारच्या पार्वतीबाई पडवीच्या पायरीवर येऊन टेकल्या होत्या. "आन् काळीनिळी झालती," त्यांनी भर घातली. "आम्हाला वाटलं, गेली पोरगी. मंग असा टाहो फोडला, शेडातली समदी जागी झाली. आता बघा, तोंडातून शब्द निघत न्हाई."

तेवढ्यात जमीन दणाणली.

पत्रा थरथरला, कोंबडी फडफडली, कपातला चहा डुचमळला. सुकन्याला पुढचं आठवत नाही. मालू अंगणात होती ती तिच्या छातीशी आली होती, आणि ती धावत होती, घरांपासून दूर, लिंबापासून दूर, विजेच्या तारांपासून दूर, मोकळ्या रानाकडं. मालूचं डोकं तिनं हातानं झाकलं होतं, तोंड छातीत दाबलं होतं, वरून ओढणी, वरून दुसरा हात, वरून स्वतःची वाकलेली पाठ. नांगरलेल्या ढेकळांत ती गुडघ्यांवर बसली आणि मालूला आपल्या अंगाखाली घेतलं. डोळे मिटले. पुन्हा दणका. ती आणखी आवळली. कढत वारा तिच्या पाठीवरून गेला, पिठासारखं काहीतरी मानेवर पडलं, आणि खूप उंचावर कुणीतरी तोच श्वास रोखून उभं होतं. आत्ता नको. आत्ता नको.

कुठूनतरी पार्वतीबाईंचा आवाज येत होता. "आगं सुरुंग हाय! हिरीचा सुरुंग उडवायलेत! ऊठ, पोरी!"

मग तिला छातीवर दोन मुठी जाणवल्या. लहान, बऱ्याच वेळापासून मारत असलेल्या, आता हळू झालेल्या. तिनं हात काढले. मालूचा चेहरा जांभळट लाल झाला होता, ओठ उघडे, आवाज नाही. क्षणभर दोघी एकमेकींकडं नुसत्या बघत राहिल्या. मग मालूनं मोठा, फाटका श्वास घेतला आणि त्या श्वासाबरोबर ओरडली, "सोड ना!"

सुकन्यानं सोडलं.

मालू ढेकळांत पडली, उठली, पुन्हा पडली. तिला नांगरलेल्या जमिनीवर चालायची सवयच नव्हती. सुकन्याचा हात पुढं गेला आणि तिनं तो परत घेतला. मालू रडत, शेंबूड पुसत, हातांवर टेकत टेकत पडवीकडं निघाली. दोनदा कलंडली. पार्वतीबाई उठायला लागल्या तशा सिंधुबाईंनी त्यांचा पदर ओढला. सगळ्या बघत राहिल्या. पडवीच्या पायरीशी येऊन मालू थांबली, पायरी नीट पाहिली, एक गुडघा टाकला, दुसरा टाकला आणि वर गेली. कोंबडीनं टोपलीतून मान काढून तिच्याकडं पाहिलं.

सुकन्या रानातच बसून होती. ढेकळाखालची माती गार होती आणि हालत नव्हती. तिनं दोन्ही तळवे त्या मातीवर टेकवले. मग ती उठली.

परत आल्यावर आईनं तिला नुसतं पाणी दिलं. पार्वतीबाई मात्र सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. "आम्ही दोघी बी उठून दाराशी आलताव, बरं का. सुरुंग हाय म्हणून सकाळीच दवंडी झालती, तरी उठलाव. पाय ऐकत न्हाईत. पण तू म्हणजे... बकरीसारखी पळालीस की गं!"

सुकन्याला हसू आलं आणि रडूही आलं. "आई," ती म्हणाली, "दूध कोमट करून दे तिला. गार मागितलं तर गार दे."

कपडे, औषधं, मालूची उशी आणि मालू, सगळं ती आठवड्यानं किल्लारीला घेऊन आली आणि तासाभरात एकटी परत फिरली.

नागपूरची गाडी मॅडमनी भाड्यानं ठरवली होती. मागच्या सीटवर मधे थर्मोकोलच्या खोक्यात अंडं, एका बाजूला सुकन्या, दुसऱ्या बाजूला मॅडम. अर्धापूर मागं पडलं. केळीच्या बागा संपल्या, हळदीची शेतं आली. सुकन्याचा डावा पाय सारखा काहीतरी शोधत होता. ती तो मागं घ्यायची, तो पुन्हा पुढं जायचा.

"फोन कर हवं तर," मॅडम म्हणाल्या.

"केला होता मघाशी."

"मग पुन्हा कर."

सुकन्यानं मान हलवली. काचेबाहेर ती लांब मान आज गाडीच्या बरोबरीनं चालत होती. पळसांच्या वरून, संथ. आज तिच्या पाठीवर राख नव्हती.

"मॅडम, ह्या जनावरांच्या आया अंड्यांवर बसायच्या का? कोंबडीसारख्या?"

"छे! एवढं वजन. चुरा झाला असता. शेषेरावांच्या रानात बघितलंस ना, घरटी किती जवळजवळ? आईला मधे पाय ठेवायलाही जागा नाही. आमचा अंदाज असा की अंडी घालायची, वर माती लोटायची आणि निघून जायची. त्यांच्या लेखी सांभाळणं म्हणजे तेवढंच."

"आणि पिल्लं?"

"पिल्लं आपापली. बरीच मरत असतील. पण बरीच जगलीही. नाहीतर त्या एवढ्या काळ टिकल्या नसत्या."

गाडी पैनगंगेच्या पुलावर आली. खाली वाळू, वाळूत पाण्याची बारीक धार, धारेत बगळे.

"जाताना वळून बघत असतील का हो त्या?"

मॅडम हसल्या नाहीत. खोक्याच्या झाकणावर हात ठेवून त्यांनी थोडा विचार केला. "ते दगडात उरत नाही गं, सुकन्या."

पूल संपायच्या आत फोन वाजला. आईचा. सुकन्यानं तो कानाला इतका घट्ट लावला की कान दुखला.

"काय झालं? बरी आहे ना?"

"बरी हाय. जेवली. कोंबडीपाशी बसलीय, उठायचं नाव न्हाई. तूच घाबरली असशील म्हणून लावला. बोल तिच्याशी. मालू, ए मालू, आई हाय बघ."

दूर कुठंतरी पत्र्यावर पाखरांची टकटक ऐकू आली, मग मालूचा श्वास, फोनच्या अगदी जवळ, नाकातून.

"मालू? बाळा, मी..."

"आई, हळू बोल," मालू कुजबुजली. "एक अंडं टिचलंय. आतून कुणीतरी मारतंय. मी बघायलेय. नंतर कर."

आणि फोन ठेवला गेला.

सुकन्या फोन हातात धरून बसली. मॅडमनी विचारलं, "काय म्हणतेय?"

"कामात आहे," सुकन्या म्हणाली, आणि ओढणी तोंडाला लावून उमरखेड येईपर्यंत हसत राहिली.